फटफटी, साइडकार आणि मधला सांधा

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटरसायकलची जी व्याख्या दिलेली आहे, ती वाचताना कोणाही जिज्ञासूने क्षणभर थांबावे अशी आहे. दोन चाकांचे यांत्रिक वाहन म्हणजे मोटरसायकल, असे सांगून कायदा तेथेच पुस्ती जोडतो की, जादा चाक असलेली व सोडविता येण्यासारखी साइडकार तिला जोडलेली असेल, तर तीही मोटरसायकलमध्येच धरावी. म्हणजे रस्त्यावर चाके तीन दिसत असली तरी सरकारदरबारी गाडी दुचाकीच! सामान्य वाचकास या पुस्तीचे विशेष काही वाटणार नाही. आम्हांस मात्र ‘सोडविता येण्यासारखी’ या शब्दांत एका मोठ्या प्रश्नाचे बीज दिसते. जी वस्तू जोडता येते आणि सोडविता येते, तिचा इतिहास कोणाच्या नावे मांडावयाचा? ज्याने फटफटी घडविली त्या कारखान्याच्या, की ज्याने दोन निरनिराळ्या वस्तूंचा संसार लावून दिला त्या मिस्त्रीच्या?

हा प्रश्न आता केवळ शब्दांचा राहिलेला नाही. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी नवे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी ‘व्हिंटेज’ समजावी, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर द्यावा, असे त्यांत ठरले. जुन्या वाहनांना कायद्याने प्रतिष्ठा दिली ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मूळ स्वरूप म्हणजे कोणते? समजा, मद्रासच्या कारखान्यातून १९६० च्या सुमारास एक बुलेट निघाली; चार वर्षांनी सांगलीतील एखाद्या गॅरेजात तिला साइडकार बसली; आणि पुढे तीस वर्षे त्या जोडीने एका कुटुंबाचे ओझे वाहिले. आता तिचे मूळ स्वरूप चार वर्षांचे मानावे की तीस वर्षांचे? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील यंत्रविद्येच्या इतिहासाकडे या प्रश्नाच्या खिडकीतून पाहावे, असा आमचा आजचा मानस आहे.

प्रथम साइडकारची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. पायी चालवावयाच्या सायकलला बाजूस तिसरे चाक व बैठक जोडण्याची कल्पना १८९३ साली फ्रान्समधील एका लष्करी अधिकाऱ्याने पुढे आणली. एका वर्तमानपत्राने सायकलवरून सोबत्यास नेण्याची उत्तम युक्ती सुचविणारास बक्षीस लावले होते, त्यातून ती निघाली. फटफटीच्या साइडकारची हकीकत तर अधिकच मौजेची आहे. जानेवारी १९०३ मध्ये एका इंग्रजी मोटरसायकल नियतकालिकात फटफटीशेजारी बैठक जोडलेले एक व्यंगचित्र छापून आले, आणि त्याच महिन्यात एनफील्ड गावच्या ग्रॅहॅम बंधूंच्या पेढीने अशा जोडणीच्या पेटंटासाठी अर्ज केला. त्या आधी फटफटीवर दुसऱ्या माणसाला न्यावयाचे तर त्याला पुढे खुर्चीत बसवून धक्का व धूळ खाण्यास पुढे करीत, किंवा मागे छोटा गाडा बांधून त्यात धुराच्या स्वाधीन करीत. शेजारी बसविण्याने दोघांना बोलता येऊ लागले. साइडकारचा पहिला उपकार हा असा माणुसकीचा आहे.

पहिल्या महायुद्धात या माणुसकीच्या बैठकीवर मशीनगन चढली. ब्रिटिश सैन्यात साइडकारवर मशीनगन बसविलेल्या तुकड्या उभ्या राहिल्या. जखमींना नेण्यासाठी लांबट साइडकारी निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बीएमडब्ल्यू आणि झुंडाप या फटफट्यांवर, तसेच इंग्रजांच्या ‘नॉर्टन बिग फोर’ वर साइडकारच्या चाकालाही इंजिनाची शक्ती पोहोचविण्याची सोय केलेली होती. युद्ध संपल्यावर हे लष्करी सामान विक्रीस निघाले. दिल्लीत अमेरिकन हार्ले-डेव्हिडसन फटफट्यांना मागे रिक्षासारखे सांगाडे जोडून ‘फटफट सेवा’ सुरू झाली, आणि ती अर्ध्या शतकाच्या आसपास चालली. परक्या यंत्राला आपल्या गरजेचे अंग जोडून घेणे ही आपल्या देशाची जुनी खोड आहे, आणि ती खोड आम्ही गुण समजतो.

सातारा जिल्ह्याचा आणि लष्कराचा संबंध कोणास सांगावयास नको. अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागलेला आहे आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. सैनिक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक उभी राहते. पाना येत नाही. १९४३ साली भारतीय लष्करात विद्युत आणि यांत्रिक अभियंत्यांचे स्वतंत्र दल उभे राहिले. ट्रक, तोफा आणि फटफट्या दुरुस्त करणे हेच त्याचे काम. लष्करी यंत्रशाळेत उमेदीची वर्षे काढलेला माणूस पेन्शन घेऊन गावी आला म्हणजे पेन्शनीबरोबर हातातील कसबही घेऊन येतो. ते कसब कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही, म्हणून ते नव्हतेच असे समजणे हा इतिहासकाराचा आळस होय.

परंतु सातारा-सांगलीच्या यंत्रविद्येचे मूळ केवळ लष्करात नाही. सांगली जिल्हा आज वेगळा असला तरी १९४९ साली तो जन्मला तेव्हा त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ असे होते. सांगली हे नाव त्यास १९६० मध्ये मिळाले. कृष्णेच्या या एकाच खोऱ्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत तीन ठिकाणी भट्ट्या पेटल्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षक. त्यांचा उद्योग बेळगावात १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरू झाला. पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तेथे होऊ लागले, आणि बेळगावची जागा सोडणे भाग पडले तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांस कुंडल स्टेशनाजवळचा माळ दिला. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. दुसरे ठिकाण कऱ्हाडजवळचे ओगलेवाडी. तेथे काच झाली आणि ‘प्रभाकर’ कंदील झाला. तिसरे सातारारोड. धनजीशा कूपर पुढे १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले मुख्यमंत्री म्हणून काही महिने अधिकारावर होते. परंतु त्यापूर्वीच त्यांनी सातारारोडला नांगर आणि डिझेल इंजिने यांचा कारखाना काढला होता.

नांगर, कंदील आणि डिझेल इंजिन. श्रोतेहो, या तीन वस्तूंचा साइडकारशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध वस्तूंचा नाही, हातांचा आहे. नांगराने ओतकामाची विद्या दिली: साचा कसा करावा, बीड कोठे ठिसूळ राहते, फाळाला कोठे जोर येतो. कंदिलाने पातळ पत्रा वळविण्याची, कडा दुमडण्याची, झाळकामाची विद्या दिली. डिझेल इंजिनाने लेथवरची सूक्ष्मता दिली: बेअरिंग किती घट्ट असावे आणि सूतभर फरकाने काय अनर्थ होतो. साइडकार जोडावयाची म्हणजे या तिन्ही विद्या लागतात. पत्र्याची कोठी हवी, नळ्यांचा सांगाडा हवा, चाकाचा तुंबा आणि आस लेथवर अचूक उतरावी लागते. ही हातोटी ज्या प्रदेशात मुरली, तेथे फटफटीच्या गॅरेजवाल्यास साइडकार बसविता येणे हा चमत्कार नव्हे, वारसा आहे. १९४७ साली सांगलीत निघालेले आणि पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, तसेच १९६० चे कऱ्हाडचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, यांनी या वारशास पुस्तकाची जोड दिली.

कसब एका धंद्यातून दुसऱ्यात कसे जाते याचे या भागातील सर्वांत सुंदर उदाहरण मिरजेचे आहे. तलवारी-भाल्यांना धार लावणारे शिकलगार संस्थानी लढाया संपल्यावर बेकार होण्याच्या वाटेवर होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांतील काही कुटुंबे भोपळ्याचे तंबोरे आणि सतारी करू लागली. पोलादाची परीक्षा करणारे बोट तारेची परीक्षा करू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रातून वाद्याकडे जाणारा हा रस्ता ज्यांच्या ध्यानात आहे, त्यांस नांगराच्या भट्टीतून साइडकारच्या चौकटीकडे येणारा रस्ता अवघड वाटू नये.

आता या वस्तूची आपल्याकडे गरज का भासली ते पाहू. १९५५ साली मद्रासेस एनफील्ड इंडियाचा उद्योग सुरू झाला व बुलेट येथे बनू लागली. १९६१ साली म्हैसूरला जावा सुरू झाली. बजाजांची इटालियन पद्धतीची स्कूटर साठीच्या दशकात आली, आणि १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ व बजाज ऑटो यांच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघून तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडू लागली. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि मोटार तर मध्यमवर्गीयाच्या स्वप्नातही भीत भीत येई. नवरा, बायको, दोन मुले आणि म्हातारी आई असा पाच जणांचा संसार दोन चाकांवर मावणार कसा? त्याचे उत्तर म्हणजे डाव्या बाजूची साइडकार. म्हातारीला पाय लांब करून बसता येई, मुले पुढच्या टपाशी उभी राहत, बाजारची पिशवी पायाशी जाई. ही दृश्ये पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे.

विलायतेतही असेच घडले होते. तेथे कामगाराच्या कुटुंबाचे वाहन म्हणजे साइडकार, असा कित्येक दशके प्रघात होता. परंतु १९५९ साली ‘मिनी’ ही छोटी मोटार बाजारात आली आणि साइडकारची उतरण लागली. आपल्याकडे तो दिवस १९८३ च्या डिसेंबरात उजाडला, जेव्हा मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली. दोन देशांत चोवीस वर्षांचे अंतर, पण कारण एकच: छपराखाली चार माणसे बसविणारे वाहन आवाक्यात आले की उघड्यावरची बैठक मागे पडते. साइडकारी अंगणात गेल्या, अंगणातून गोठ्यात गेल्या, आणि गोठ्यातून भंगारवाल्याकडे. ज्या उरल्या, त्यांचा आता जीर्णोद्धार चालू आहे.

जीर्णोद्धार म्हटला म्हणजे लोकांची दृष्टी प्रथम रंगावर व निकेलच्या झळाळीवर जाते. आमचे म्हणणे असे की, साइडकारचे सारे सत्य तिच्या सांध्यात आहे. कोठी कितीही देखणी असली आणि सांधा चुकला, तर ती गाडी मिरवणुकीपुरतीच. रस्त्यावर ती बसणाऱ्याच्या जिवावर उठेल. म्हणून या सांध्याचे शास्त्र थोडे सविस्तर सांगतो.

फटफटी आणि साइडकार ही जुवाखालची बैलजोडी आहे, पण त्यांतला एकच बैल ओढतो. शक्ती फटफटीच्या मागच्या चाकाला. साइडकारचे चाक नुसते फरपटत येते. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने, म्हणून साइडकार डावीकडे. परिणामी वेग वाढविला की गाडी डावीकडे ओढते, आणि ब्रेक मारला की साइडकार पुढे रेटते व गाडी उजवीकडे जाऊ पाहते. हा ओढाळपणा आवरण्यासाठी मिस्त्री पहिली युक्ती करतो ती चाकाच्या रोखाची. सपाट जमिनीवर गाडी उभी करून फटफटीच्या दोन्ही चाकांना टेकवून एक सरळ फळी ठेवावयाची, दुसरी साइडकारच्या चाकाला टेकवावयाची, आणि दोन फळ्यांमधील अंतर पुढे व मागे मोजावयाचे. पुढचे अंतर मागच्याहून अर्धा-पाऊण इंच कमी भरले पाहिजे. म्हणजे साइडकारचे चाक किंचित आत, फटफटीकडे पाहते. हा कल कमी पडला तर चालकाचे हात सारा दिवस हँडलशी झोंबतात. अधिक झाला तर टायर घासून काही महिन्यांत त्याची चाळण होते.

दुसरी युक्ती कलतेपणाची. फटफटी अगदी ओळंब्यात उभी न ठेवता तिचा माथा साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, एक-दीड अंश झुकवितात. रस्ते मध्ये उंच व कडेस उतरते असतात, आणि माणसे बसली की सांगाडा व स्प्रिंगा दबून सारी गाडी डावीकडे येते. ती तेव्हा सरळ उभी राहावी असा हिशेब. म्हणूनच जाणता मिस्त्री रिकाम्या गाडीवर ओळंबा लावून समाधान मानीत नाही. चालकाला बसवतो, कोठीत माणूस नाही तर वाळूचे पोते ठेवतो आणि मग पाहतो. तिसरी गोष्ट साइडकारच्या चाकाची जागा. ते फटफटीच्या मागच्या चाकाच्या अगदी रेषेत न ठेवता वीतभर पुढे ठेवतात. त्याने उजव्या वळणावर गाडी उलटण्यास थोडा अटकाव होतो. पण फारच पुढे नेले तर टायर आडवे घासते आणि वळविणे जड होते.

चौथी गोष्ट स्वतः सांध्याची. खालचे दोन व वरचे दोन, असे चार सांधे असावेत हा जुना सुज्ञ नियम आहे. खालचे दोन ओझे ओढतात, वरचे दोन गाडी उभी धरतात. बुलेटच्या बाबतीत येथे एक अडचण येते. तिच्या सांगाड्याची पुढची नळी खाली येऊन इंजिनाशी संपते. इंजिन हेच सांगाड्याचा खालचा दुवा असते. तेव्हा पुढचा खालचा सांधा कोठल्या तरी पातळ पट्टीस बांधून भागत नाही. इंजिनाच्या पुढच्या व मागच्या पकडींना धरणारी जादा चौकट करून तिच्यावर तो घ्यावा लागतो. सांगाड्याच्या नळीवर थेट वेल्डिंग करणे हा तर मोठा प्रमाद. त्या उष्णतेने नळी सांध्यालगत कमजोर होते, आणि ती तुटावयाची ती नेमकी ओझ्याखाली. म्हणून नळीला घट्ट बसणारी दोन अर्धवर्तुळी पकड लेथवर करवून बोल्टांनी आवळणे हेच बरे. कायद्याचे ‘सोडविता येण्यासारखी’ हे शब्द आणि मिस्त्रीचा हा नियम येथे एकमेकांस भेटतात. स्कूटरची तऱ्हा आणखी निराळी. तिला नळ्यांचा सांगाडाच नसतो. दाबून घडविलेला पत्रा हेच तिचे अस्थिपंजर. तेथे एका बिंदूवर ओझे घेतले तर पत्रा फाटतो, म्हणून ते रुंद पट्ट्यांवर पसरावे लागते.

यांखेरीज हँडलचा एक प्रश्न उरतो. हँडलच्या आसाची रेषा जमिनीपर्यंत वाढविली तर ती टायर जेथे टेकते त्याच्या थोडी पुढे पडते. या अंतराने दुचाकी आपोआप सरळ धावते. पण तीन चाके झाली की तेच अंतर हँडल जड करते. जर्मनीत १९५५ पासून निघालेल्या काही बीएमडब्ल्यू फटफट्यांच्या पुढच्या काट्यास म्हणूनच दोन भोके ठेवलेली असत, एक एकट्यासाठी आणि दुसरे साइडकारसाठी. आपल्याकडील गाड्यांना ती सोय नव्हती, म्हणून जड हँडल हे आपल्या चालकांचे प्राक्तन झाले. त्याच्या जोडीस पुढचे दातेरी चक्र एक-दोन दात्यांनी लहान घालावे लागते. नाही तर खंबाटकीच्या किंवा यवतेश्वरच्या चढावर इंजिन श्वास टाकते.

आणि इतके सारे करूनही चालकास नव्याने शिकावे लागते. एकटी फटफटी वळविताना माणूस अंग झुकवितो. साइडकार लागली की झुकण्याला अर्थ उरत नाही, हँडल वळवावेच लागते. डाव्या वळणावर वेग अधिक असला तर साइडकारचे चाक उचलते. बैठक रिकामी असेल तर ते अधिकच लवकर उचलते. म्हणून सवारी नसताना कोठीत वाळूचे पोते ठेवावे हा जुना सल्ला. तो न मानणाऱ्या तरुणास कृष्णाकाठची वळणे धडा देतात.

जुनी साइडकार दुरुस्त करणाराने या दृष्टीने क्रम लावावा, असे आम्हांस वाटते. प्रथम रंग खरवडू नये, प्रथम मोजावे. जुना मिस्त्री ज्या मापावर सांधा बसवून गेला ती मापे, पकडींच्या जागा, फळ्यांमधील अंतर, ओळंब्याचा कल हे सारे लिहून, छायाचित्रे काढून, मग नट सोडवावा. नंतर सांगाड्याच्या नळ्या हातोडीने हलकेच वाजवून पाहाव्यात. गंजाने आतून पोखरलेली नळी बद्द वाजते. सांगलीकडे ही परीक्षा अधिकच कसोशीने केली पाहिजे. २००५ चा महापूर आणि २०१९ चा महापूर आपल्या आठवणीत आहेत. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पुरात बुडालेल्या गाडीच्या नळीत गाळ शिरतो, बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आत ओल धरून लोखंड झिजत राहते. चाकाच्या तुंब्यातही तोच गाळ; तेथील बेअरिंगे न विचारता बदलावीत. जुन्या कोठ्यांच्या तळाशी आणि कडांना लाकडी चौकट असते. ती कुजली असेल तर नवे लाकूड घालताना गाडीच्या सुताराचा सल्ला घ्यावा. ज्याने बैलगाडीच्या चाकाला बाभळीचे आरे बसविले आहेत, त्यास धक्का सोसणारे लाकूड कोणते हे पुस्तकात पाहावे लागत नाही. रंग सर्वांच्या शेवटी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जीर्णोद्धार करणारे दोन पंथांचे असतात. एक पंथ म्हणतो, कारखान्यातून निघाली तशी गाडी करा. मधले सारे काढून टाका. त्यास नियमांचा आधार आहे, बाजारात मोलही तसल्याच गाडीला अधिक येते. दुसरा पंथ म्हणतो, मधले काढले तर उरले काय? आमचा कल दुसऱ्या पंथाकडे आहे, पण आंधळेपणाने नव्हे. जो सांधा धोक्याचा आहे, नळीवर वेल्ड केलेला आहे, तो केवळ जुना म्हणून ठेवणे हा मूर्खपणा. ज्या कोठीत कोणाचे मूल बसावयाचे आहे, तिच्या बाबतीत इतिहासाहून जीव मोठा. परंतु तो सांधा काढावा तो नोंद करून काढावा. आणि काढलेला तुकडा भंगारात न टाकता जपावा. जो सांधा निर्दोष आहे, स्थानिक लेथवर कोरलेला आहे, तो मात्र परदेशी नमुन्याप्रमाणे नाही म्हणून बदलू नये. त्यात सातारारोडच्या आणि किर्लोस्करवाडीच्या ओतशाळांत तयार झालेल्या हातांची सही आहे.

कोणी म्हणेल, पाच-पन्नास फटफट्यांच्या सांध्यांना एवढे महत्त्व कशास? आमचे उत्तर असे की, आपल्या उद्योगांचा इतिहास आजवर संस्थापकांच्या चरित्रांतून लिहिला गेला. ती चरित्रे थोर आहेत आणि ती लिहिली गेलीच पाहिजेत. पण कारखाना उभा राहिला हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्या कारखान्याची विद्या गावोगावच्या टपरीवजा गॅरेजांत पाझरली, आणि तेथे ती एखाद्या कुटुंबाच्या रोजच्या गरजेस उपयोगी पडली. या दुसऱ्या इतिहासाला दप्तर नाही. त्याचा कागद म्हणजे तो बोल्ट, ती पकड, ती फळीने मोजलेली अर्ध्या इंचाची माया. गाडी चकचकीत करण्याच्या भरात आपण तो कागद एसिडने धुऊन टाकीत आहोत.

कायद्याच्या बाजूनेही एक इशारा आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. तेव्हा साइडकार नव्याने जोडू पाहणाराने आधी परिवहन कार्यालयात विचारून, नोंद करून घेऊनच हात घालावा. ज्यांच्या जुन्या नोंदणीपुस्तकात साइडकारचा उल्लेख आहे, त्यांनी ते पुस्तक जिवापलीकडे जपावे. मूळ स्वरूप कोणते, या प्रश्नाचे उत्तर देणारा तो बळकट पुरावा आहे.

शेवटी एक सूचना करून आम्ही हे विवेचन पुरे करतो. साइडकार जोडून देणारे मिस्त्री आता वयाने थकले आहेत आणि त्यांच्या मुलांनी बहुधा निराळे धंदे धरले आहेत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, नगरवाचनालये आहेत. प्रत्येक संस्थेने दोन-चार विद्यार्थी या मिस्त्रींकडे धाडावेत. त्यांनी फळी धरावी, ओळंबा धरावा, प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मिस्त्रींच्याच शब्दांत, मापांसह, वहीत उतरवून घ्यावीत. अशा पंचवीस वह्या जमल्या आणि वाचनालयाच्या एका कपाटात क्रमवार लागल्या, तर पुढे कोणी जुनी साइडकार उघडील तेव्हा त्यास नुसते लोखंड दिसणार नाही. ते कोणी, कोठे आणि का तसे बसविले हेही कळेल. हे काम खर्चाचे नाही. पण ते लांबणीवर टाकता येण्यासारखेही नाही.